फरक बिलातलं शून्य

आमच्याकडे करवीर तालुक्यात दिवाळीआधी दूध संस्थेचं फरक बिल निघतं. मागच्या आर्थिक वर्षात घातलेल्या एकूण दुधावर लिटरमागे ठरलेला फरक सभासदाच्या खात्यावर जमा होतो. गेल्या वर्षी म्हशीच्या दुधाला अडीच रुपये ठरला होता. यादी मी एक्सेलमध्ये केली, छापून संस्थेच्या दारात लावली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बँकेत जायची होती.

सकाळच्या संकलनाला एक काकी आल्या. कॅनमधलं दूध ओतून झाल्यावरही हलेनात. "बाळा, वरीसभर दूध घातलंय की रं मी. माझ्या नावाम्होरं शून्य कसं?" पिशवीतून त्यांनी दहा-दहा दिवसांच्या बिलांच्या चिठ्ठ्या काढल्या. सगळ्या जपून ठेवलेल्या. बेरीज केली तर १,८६४ लिटर, म्हणजे ४,६६० रुपये.

यादीत शून्यं तशी १९ होती. दर वर्षी काही असतातच. कुणाचं जनावर भाकड, कुणी विकलेलं. दूध मोजणाऱ्या मशीनच्या फाइलमध्ये दूध घातलेल्या सभासदांचेच कोड येतात. ज्याचा कोड नाही, त्याच्यापुढे व्हीलूकअप, म्हणजे कोडावरून लिटर शोधून आणणारं एक्सेलचं सूत्र, '#एन/ए' (सापडलं नाही) दाखवतं. छापील यादीत ते बरं दिसत नाही, म्हणून मी बाहेरून इफएरर, म्हणजे चूक आली तर तिच्याजागी आपण सांगू ते दाखवणारं सूत्र, लावून शून्य टाकलं होतं.

काकींचा कोड ११२. मशीनच्या फाइलमध्ये ११२ आहे, माझ्या यादीतही आहे. दोन्ही सेल सारखे आहेत का, असं सूत्र लिहून विचारलं, तर एक्सेल म्हणालं 'फॉल्स', म्हणजे नाहीत. मशीनचा कोड मजकूर होता, माझा आकडा. एरवी मजकूर डावीकडे आणि आकडा उजवीकडे सरकतो, बघताक्षणी कळतं. पण मी तो रकाना मधोमध करून ठेवला होता. मजकूर म्हणून ठेवलेल्या आकड्याच्या कोपऱ्यात एक्सेल हिरवा त्रिकोण दाखवतं, पण ते त्रिकोण जवळजवळ सगळ्याच ओळींना, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

मग ही एकच ओळ वेगळी का? काकींचे मालक आदल्या गणपतीत वारले. वारसनोंद करताना मी जुनी ओळ काढून तळाला नवी लिहिली आणि कोड हाताने टाइप केला. बाकीची यादी मशीनच्या फाइलमधून चिकटवलेली, म्हणून तिचे कोड मजकूरच होते. हाताने टाइप केलेल्या ओळी शोधल्या तर १४ निघाल्या, त्यातल्या ११ वारसनोंदी. घरातला माणूस गेलेल्यांचाच फरक मी बुडवत होतो. ते कळल्यावर बराच वेळ माझा हात माउसवर गेला नाही.

दुरुस्ती तशी पाच मिनिटांची. शोधायच्या कोडाभोवती ट्रिम लावलं. ते मागेपुढे राहिलेली मोकळी जागा काढतं आणि आकड्याचा मजकूरही करतं. इफएरर काढून इफएनए घातलं. आमचं एक्सेल २०१६ चं आहे, त्यात व्हीलूकअपच्या जागी आलेलं नवं एक्सलूकअप नाही, पण इफएनए २०१३ पासून आहे. इफएरर प्रत्येक चूक गिळतं. संदर्भ तुटलेला असो की सूत्राचं नाव चुकलेलं असो, सगळ्यावर तेच शून्य. इफएनए फक्त न सापडलेल्याला धरतं, बाकीच्या चुका उघड्या राहतात. आणि शून्याच्या जागी आता मी 'नोंद तपासा' असे शब्द लिहितो. दूध घातलं नाही आणि नोंद सापडली नाही, या दोन गोष्टींना एकच आकडा द्यायचा मला काही अधिकार नव्हता. यादीच्या लिटरची बेरीज मशीनच्या एकूण लिटरशी जुळवणंही त्याच दिवशी सुरू केलं. ती आधी केली असती, तर काकींना दारात उभं राहावं लागलं नसतं.

१४ जणांचे आकडे आले. काकींपुढे ४,६६० दिसले, तेव्हा चिठ्ठ्यांशी पुन्हा एकदा पडताळून घेतले. 'नोंद तपासा' पाच ठिकाणी उरलं. बँकेत जायच्या आधी पाचही जणांना फोन केले. शेवटचे आजोबा म्हणाले, "दोन वरसं झाली, गोठा मोकळा हाय. माझं शून्यच बरोबर हाय, लिव्ह."