तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या अंतरानं दुसरं, ते मुलासाठी का?

थोरली 18 वर्षांची आहे, धाकटी 3. दोघींना घेऊन लग्नाकार्याला गेलं की कुणीतरी आधी थोरलीकडे बघतं, मग धाकटीकडे, आणि आवाज जरा खाली आणून विचारतं, "एवढं अंतर? मुलासाठी प्रयत्न केला होता का?" माझ्या बँकेतल्या, चाळिशीला टेकलेल्या मैत्रिणी हे विचारत नाहीत. त्या जेवणाच्या सुट्टीत, आजूबाजूला कुणी नसताना विचारतात, "मी करू का गं आता?" दोन्ही प्रश्नांना मी आजवर घाईत उत्तरं दिली. आज नीट सांगते.

मुलासाठी नाही. मुलासाठी दुसरं करणारी माणसं पंधरा वर्षं थांबत नाहीत, वर्षा-दीड वर्षातच पाळणा हलायला हवा असतो त्यांना. आम्ही थांबलो ते थांबावं लागलं म्हणून. थोरली झाली तेव्हा मी 26 ची होते. दुसरं हवं हे आमचं दोघांचं ठरलेलंच होतं. मग नवऱ्याचा कारखाना बंद पडला. त्याला दुसरी नोकरी लागून घराचे हप्ते पुन्हा सुरळीत होतात तोवर सासूबाईंनी अंथरूण धरलं. त्यांचं सगळं जागेवर करावं लागायचं, आणि ते आम्ही दोघांनी केलं. त्या गेल्या तेव्हा मी 39 ची होते. इच्छा मेली नव्हती, नुसती बाजूला ठेवली होती, हे तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं.

हा प्रश्न आमच्या सांगलीकडे जरा जास्तच टोचतो. 2001 च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 851 मुली होत्या. 2011 ला अख्ख्या महाराष्ट्राचा आकडा 913 वरून 894 वर घसरला. शेजारच्या साताऱ्यात त्याच वर्षी जिल्हा परिषदेनं 285 मुलींना नवी नावं दिली, कारण त्यांच्या घरच्यांनी त्यांचं नाव 'नकुशी' ठेवलं होतं. विचारणाऱ्या बाईच्या मनात वाईट नसतं, मला माहीत आहे. पण तिच्या प्रश्नामागे हे सगळं उभं असतं, आणि माझ्या दोन्ही मुली तो प्रश्न ऐकत असतात.

सोनोग्राफीच्या दिवसाचं सांगते. दारावर नेहमीचा बोर्ड होता, इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. असा कायदा देशात सगळ्यांत आधी महाराष्ट्रानं केला, 1988 मध्ये. केंद्राचा 1994 ला आला. आत फॉर्म एफ भरून घेतात. वय, पत्ता, आधीची मुलं किती, त्यात मुलगे किती, मुली किती. लिहून घेणाऱ्या ताई मायाळू होत्या. त्यांनी मला पंख्याखालची खुर्ची दिली, पाणी दिलं. वय लिहिलं, मुलगी एक असं लिहिलं, मग मान वर करून हसून म्हणाल्या, "होईल बघा यंदा मनासारखं." मग कागद माझ्यापुढे सरकवला. गर्भाचं लिंग जाणून घ्यायची माझी इच्छा नाही, असं त्यावर छापलेलं होतं. मी सही केली. त्या सहीतला शब्द न् शब्द माझ्यापुरता खरा होता, हे मला त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं.

आता मैत्रिणींच्या प्रश्नाकडे येते. वयाचं कुणी गोड करून सांगितलेलं मला आवडत नाही, म्हणून आकडे आहेत तसे देते. बाईची बीजं जन्मतःच तिच्या अंगात असतात, दहा-वीस लाख. पुढे ती कमीच होत जातात, नवी तयार होत नाहीत. पस्तिशीनंतर संख्या झपाट्यानं उतरते, आणि उरलेल्यांत गुणसूत्रांची गडबड वाढते. चाळिसाव्या वर्षी एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता शंभरात पाचच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. राहिलंच तर ते न टिकण्याची शक्यता तिनात एक, आणि पुढच्या प्रत्येक वर्षी ती आणखी वाढते. डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ जन्मण्याचं प्रमाण आईच्या पंचविशीत साधारण 1,250 बाळांत एक असतं, चाळिसाव्या वर्षी 100 त एक. म्हणजे चाळिसाव्या वर्षीही 100 पैकी 99 बाळांना तो नसतो. मला डॉक्टरांनी दोन्ही बाजू एकाच दमात सांगितल्या आणि त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. बापाच्या वयाचाही परिणाम असतो, पण घरात बसून वय मोजलं जातं ते फक्त आईचं.

पन्नाशीत आई झाल्याच्या बातम्या वाचून मनाशी हिशोब मांडू नका. त्यांतल्या बऱ्याच जणींना दुसऱ्या स्त्रीचं बीज घ्यावं लागलेलं असतं, आणि ते बातमीत नसतं. त्यात कमीपणा मुळीच नाही, पण 'तिला झालं, म्हणजे मलाही वेळ आहे' असं धरून बसलात तर हातची वर्षं जातील. 2021 च्या कायद्यानं अशा उपचारांना बाईसाठी 50 आणि पुरुषासाठी 55 अशी वयाची मर्यादा घातली आहे. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून राहिलं नाही तर डॉक्टरकडे जायचं, चाळिशीनंतर तेवढंही थांबायचं नाही. किंबहुना आधीच जायचं. थायरॉईड, शुगर, बीपी, हिमोग्लोबिन बघून घ्यायचं, आणि फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीच सुरू करायची.

दुसऱ्यासाठी प्रयत्न सुरू केल्यावर माझं पहिल्यांदा राहिलं ते गेलं. नवव्या आठवड्यात ठोके नव्हते. त्या वेळी मला कुणीच काही विचारलं नाही, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं. तीन महिने होईपर्यंत सांगायचं नाही ही आपली रीत. त्या रीतीमुळे, असं काही झालं की, बाईला दुःख करायलाही जागा उरत नाही. मी तिसऱ्या दिवशी काउंटरला बसले आणि लोकांच्या पासबुकात नोंदी करत राहिले. माझ्या मैत्रिणींना मी आता सांगते, निदान एका माणसाला सांगून ठेवा. आनंदासाठी नाही, या दिवसासाठी.

पुढच्या खेपेला राहिलं तेव्हा मी 41 ची होते. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी बघणारी सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही आईच्या रक्ताची तपासणी असते. आईच्या रक्तातून बाळाची गुणसूत्रं बघायची एनआयपीटी दहाव्या आठवड्यापासून होते. पण ती चाळणी आहे, निदान नाही. त्यात काही निघालं तर गर्भजल काढून खात्री करावी लागते, पंधराव्या आठवड्यानंतर. काही निघालं तर काय करायचं, हे आम्ही दोघांनी तपासणीच्या आधी बोलून घेतलं होतं. ते बोलणं कठीण गेलं, दोन रात्री गेल्या त्यात. पण रिपोर्ट हातात घेऊन ते बोलायची वेळ कुणावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं. आमचा रिपोर्ट चांगला आला. साखर मात्र वाढली, 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी काढलेली 140 च्या वर गेली. मग भात मोजून, जेवल्यावर गच्चीवर फेऱ्या, बोट टोचून रोजची नोंद. शेवटी सिझर झालं. शरीराचं एवढंच. शरीर निभावतं, वैद्यकानं ती वाट बरीच सोपी केली आहे.

निभावत नाही ते वेगळंच, आणि ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. उशिराची मुलं आपल्याकडे नवी नाहीत. माझ्या आजीचं शेंडेफळ आणि माझा थोरला मामेभाऊ एकाच वर्षीचे, काका-पुतण्या एकाच वर्गात शिकले. चाळिशीत बाळंत होणाऱ्या त्या बायकांभोवती घर भरलेलं असायचं. माझ्या पहिल्या बाळंतपणात मी माहेरी होते. आईनं शेगडी पेटवून शेक दिला, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळाला न्हाऊ घालायला रोज येणारी मावशी, दुपटी सासूबाईंनी जुन्या नऊवारी फाडून शिवलेली. मी फक्त पाजायचे आणि झोपायचे. दुसऱ्या वेळी सासूबाई नव्हत्या. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, तिला खाली बसून बाळ पायांवर घेता येत नव्हतं. ती खुर्चीत बसून सांगायची, "पाठीवरून हात असा फिरव, टाळूवर तेल जिरू दे," आणि न्हाऊ घालायचा माझा नवरा. त्याच्या पंज्यात ती मावायची. पहिल्या आठवड्यात त्याचे हात थरथरायचे. महिन्याभरानं तो तिला पोटरीवर पालथी घेऊन एका हातानं पाणी सोडायचा आणि दुसऱ्या हातानं कानांत पाणी जाऊ द्यायचा नाही, अगदी त्या मावशीसारखा. थोरलीच्या वेळी घरात बायका होत्या, म्हणून त्याला कुणी जवळ येऊच दिलं नव्हतं.

म्हणून मैत्रीण विचारते "करू का?" तेव्हा मी तिला तिच्या वयाचं नंतर विचारते. आधी विचारते, न्हाऊ कोण घालणार? तुझी रजा संपल्यावर बाळ कुणापाशी? पहिल्या दोन मुलांसाठी कायद्यानं 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातले आठ आठवडे आधी घेता येतात. पण सहा महिन्यांचं बाळ हे बाळच असतं. नवरा "मी मदत करीन" म्हणत असेल तर थांब. "माझं काम कोणतं" असं विचारत असेल तर पुढे जा. या वयात आई-वडीलही आपल्याच आधारानं असतात. ज्या वर्षी बाळाला मांडीवर घेतलं त्याच वर्षी मी आईला गुडघ्याच्या ऑपरेशनला नेलं. हे दोन्ही एकदम येणार, हे धरूनच ठरवा.

आणि थोरली. तिला आम्ही पाचव्या महिन्यात सांगितलं, पोट दिसायला लागण्याच्या आधी. ती दहावीत होती. ती काही न बोलता उठून खोलीत गेली. दोन दिवसांनी तिनं एकच विचारलं, "वर्गात काय सांगू?" मला वाटलं होतं तिला आमचं प्रेम विभागलं जाण्याची भीती असेल. तिला लाज वाटत होती, आई-बाबांची. पंधराव्या वर्षी ती वाटायचीच. तिला रागवायचं नाही, गळ्यात पडायचं नाही, तिचा वेळ तिला द्यायचा, एवढं आम्ही केलं. तिची अभ्यासाची खोली बाळासाठी काढून घेतली नाही, रात्रीचं रडणं तिच्या दारापर्यंत जाऊ नये म्हणून पाळणा बैठकीत बांधला. बारशाला नाव तिनं ठेवलं, तेही तिला हवं होतं म्हणून.

पाहुणे तिला कौतुकानं म्हणतात, "तूच आता हिची दुसरी आई." ते वाक्य मी तिथल्या तिथे थांबवते, समोर कितीही वडीलधारं माणूस असो. धाकटी विशीत येईल तेव्हा मी 61 ची असेन, नवरा 65 चा. तिच्या शिक्षणाचा मोठा खर्च पगार थांबल्यावर येणार आहे. हे आम्हाला ठाऊक होतं, आणि त्याचं ओझं थोरलीच्या खांद्यावर जाऊ द्यायचं नाही हेही. धाकटीच्या पहिल्या वाढदिवसाच्या आत दोघांनी मृत्युपत्रं केली. आमचं दोघांचं काही झालं तर पालक म्हणून माझा भाऊ आणि वहिनी, त्यांना समोर बसवून, विचारून. विम्याची रक्कम आणि घर कसं वाटायचं तेही लिहिलं. थोरली 18 ची झाली तेव्हा तिला ते कागद वाचायला दिले. तिनं सगळे वाचले, एका ठिकाणी तिच्या नावात चूक होती ती दाखवली, आणि म्हणाली की ती 25 ची झाल्यावर मामाच्या जागी स्वतःचं नाव घालायचं की नाही हे तेव्हा तीच ठरवेल. आम्ही हो म्हणालो. नावाची चूक पुढच्या महिन्यात वकिलांकडून दुरुस्त करून घ्यायची आहे.