नोंद ७ : डन्स्टनबरा, काळ्या कातळावरचा किल्ला

सागरी किल्ल्यांच्या यादीत सातवी खूण पडली. नॉर्थम्बरलंड, इंग्लंडचा ईशान्य किनारा.

मोटरहोम क्रॅस्टर गावाच्या तोंडाशी, जुन्या दगडखाणीतल्या वाहनतळावर लावली. मोठी गाडी असेल तर लवकर पोचा आणि बंदराकडच्या अरुंद रस्त्यांवर घालू नका. पुढे जेमतेम दोन किलोमीटर, गवतातून, समुद्र उजव्या हाताला. पुण्याहून आलेली आईसुद्धा आरामात चालली.

११ एकरांचा किल्ला. समुद्राच्या बाजूला काळा कातळकडाच तटाचं काम करतो. आईने खाली वाकून कातळावर हात फिरवला. "अरे, हा तर सिंहगडावरचा दगड!" फार चुकली नाही. हा व्हिन सिलचा, म्हणजे उत्तर इंग्लंडात पसरलेल्या कातळथराचा डोलेराइट, आपल्या बेसॉल्टचा चुलतभाऊच. फक्त इथला लाव्हारस जमिनीच्या पोटातच थिजला, जवळजवळ ३० कोटी वर्षांपूर्वी. सह्याद्रीचा कातळ त्याच्यापुढे कालचं पोर.

बांधकाम मात्र वालुकाश्माचं. खाऱ्या वाऱ्याने चिरे असे पोखरलेत की मधाचं पोळं वाटावं. काही भोकांत माझं बोट पेराएवढं आत गेलं.

मी सर्वात जास्त रेंगाळलो ते महादरवाजापाशी. १३१३ मध्ये लँकेस्टरचा अर्ल थॉमस याने काम सुरू केलं. राजा दुसरा एडवर्ड त्याचा चुलतभाऊ आणि वैरीही. दोन प्रचंड बुरूज, मधून सरळ वाट, दोन्ही अंगांना देवड्या. आपल्याकडे गोमुखी दरवाजा बुरुजांच्या कुशीत दडवतात, शत्रूला सरळ धडक मारता येऊ नये म्हणून. इथे तो लांबून दिसावा म्हणूनच उभारलाय, असं माझं मत झालं. थॉमसला त्याचा उपयोग झाला नाही, १३२२ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. पुढे १३८० च्या दशकात लँकेस्टरचा ड्यूक जॉन ऑफ गाँट याने ही सरळ वाट बंद केली, बुरुजांचा बालेकिल्ला केला आणि बाजूला नवा दरवाजा काढला. म्हणजे सरळ वाटेतला धोका त्यालाही दिसला! हे जागेवर उभं राहून उलगडलं तेव्हा फार आनंद झाला. गुलाबांच्या युद्धांत, म्हणजे पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या लढायांत, किल्ला वेढ्यांत सापडला आणि नंतर ढासळतच गेला.

चक्री जिन्याने वर नक्की जा. पायऱ्या झिजल्यात, बूट चांगले हवेत.

परतताना क्रॅस्टरचे किपर, म्हणजे ओकच्या धुरावरचे हेरिंग मासे, घेतले. रात्री कॅम्पसाइटवर तव्यावर गरम करून आईच्या ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ले. गाडीत वास अजून आहे. किल्ल्याचा लिलबर्न बुरूज नीट पाहायचा राहिलाय. पुढच्या खेपेला उत्तरेकडून, एम्बल्टनच्या वाळूवरून येणार.