एक चप्पल, चार रंगसंगती

चौथीला रंगसंगती शिकवायची म्हटलं की मी इतकी वर्षं फळ्यावर रंगचक्र काढायचे. पिवळ्यासमोर जांभळा, लालसमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी. मुलं घडाघडा सांगायची. पण चित्र रंगवायला दिलं की डोंगर तपकिरी, झाड हिरवं, आकाश निळं. रंग आधीच ठरलेला, मग निवडायचं काय?

यंदा पॉप आर्टची वाट धरली, म्हणजे रोजच्या वस्तू, जाहिराती, कॉमिक्स यांतून चित्रं करायची कला. अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराने १९६२ साली सूपच्या डब्यांची ३२ चित्रं केली, प्रत्येक चवीचं एक. त्याची प्रिंट दाखवली तर पहिलाच प्रश्न आला, "बाई, सूप डब्यात कसं?" आमच्या डब्यात पोळी-भाजी असते! चूक माझीच. वॉरहॉलने अमेरिकेत दुकानोदुकानी दिसणारी वस्तू उचलली, तर आपण आपली उचलायची. मग पार्ले-जीचा पुडा आला, चहाचा ग्लास आला, पाण्याची बाटली आली. एका पठ्ठ्याने पायातली हवाई चप्पलच बाकावर ठेवली.

एकच आकार चारदा हुबेहूब यायला हवा होता. जुन्या लग्नपत्रिका यासाठी फार कामाच्या. आकार मुलांनी काढले, मधला भाग मी कटरने कापून दिला. कागदाला घड्या घालून चार चौकटी केल्या: उष्ण (लाल-पिवळ्याकडचे रंग), शीत (निळ्या-हिरव्याकडचे), एकरंगी (एकाच रंगाच्या छटा) आणि विरोधी (रंगचक्रात समोरासमोरचे). रंग भांडी घासायच्या स्पंजच्या तुकड्याने टिपायचा. पहिल्या दिवशी सगळ्यांनी रंगात भरपूर पाणी घातलं, तो पत्रिकेखाली पसरला आणि बिस्किटाच्या पुड्याला मिशा फुटल्या. दुसऱ्या दिवशी स्पंज जवळजवळ कोरडा.

खरी फजिती जांभळ्याची. लाल अधिक निळा म्हणजे जांभळा, हे मीच फळ्यावर लिहिलेलं. प्रत्येकाच्या वाटीत मात्र ओल्या मातीचा रंग. बाटली पाहिली तर लाल शेंदरी निघाला, म्हणजे त्यात आधीच पिवळ्याची झाक! किरमिजी लाल आणल्यावर जांभळा जमला. पुस्तकातल्या रंगचक्रात हे कुठे लिहिलेलं नसतं. एका मुलीने विरोधी चौकटीसाठी लाल आणि हिरवा थेट एकत्र कालवले. तिची तपकिरी वाटी मी वर्गभर फिरवली आणि त्याच दोन रंगांचे कागद शेजारी-शेजारी धरले. "बाई, डोळ्यांत हलतंय," मागच्या बाकावरून आवाज आला. विरोधी रंग समजला, असं मी तेव्हा धरलं.

पॉप आर्टमधल्या ठिपक्यांची ओळख करून द्यायला विज्ञानाच्या पेटीतलं भिंग काढलं आणि वर्तमानपत्रातल्या रंगीत फोटोवर धरलं. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके! पॉप आर्टमधल्याच रॉय लिक्टेनस्टाइन या चित्रकाराने कॉमिक्सच्या छपाईतले असेच ठिपके मोठे करून रंगवले, हे मग सांगावंच लागलं. पेन्सिलीमागच्या रबराने ठिपके उठवण्यात पुढचा तास गेला. गणिताचा होता, तो शनिवारी भरून काढला.

चपलेच्या तीन चौकटी झाल्यात. चौथ्या, विरोधी चौकटीत पिवळ्या पार्श्वभूमीवर जांभळी की उलट, यावर मालकाचं अजून ठरत नाहीये. कागद त्याने दप्तरात ठेवलाय, मला हात लावू देत नाही.