लेकीला आधी हात सापडले, मग पाय

माझी लेक दोन महिन्यांची होत आली, तेव्हा तिचा हात मध्येच डोळ्यांसमोर यायचा आणि ती त्याच्याकडे टक लावून बघायची. हात खाली गेला की विषय संपला. हा हात आपलाच आहे आणि आपण मनात आणलं तर तो परत येतो, हे तिला अजून उमगायचं होतं. बालरोगतज्ज्ञांना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘या वयात असंच होतं. खेळणी राहू दे, तूच तिच्याशी खेळ.’

मग ती जागी, पोट भरलेली आणि खुशीत असली की आमचा खेळ सुरू व्हायचा. जमिनीवर जाड चादर, अंगात सैल कपडे, हात-पाय उघडे. एवढ्या लहान बाळाला २०-३० सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणून मी चेहरा तेवढा जवळ न्यायचे. तळहाताने सावकाश दाबत खांद्यापासून बोटांपर्यंत यायचे आणि बोलत राहायचे, ‘हा खांदा, हे कोपर, ही इवली बोटं.’ बोटांच्या टोकांनी हलकं फिरवलं तर ती दचकायची. भरीव स्पर्श मात्र तिला फार आवडायचा.

पण खरा खेळ थांबण्यात आहे, असं माझं ठाम मत झालंय. तिचं पाऊल माझ्या तळहातावर टेकवून मी हात स्थिर धरायचे. काही क्षण काहीच नाही. मग पायाची बोटं वळायची, गुडघा ताठ व्हायचा आणि एक रेटा यायचा. मी हात जरासा मागे घ्यायचे. ती थबकायची, डोळे मोठे करायची आणि पुन्हा रेटायची. आपण ढकललं की काहीतरी हलतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं. मीच तिचे पाय सायकलसारखे फिरवत राहिले असते, तर हे कळायला तिला वाव कुठे मिळाला असता?

याच सुमारास फिलिप रोशा आणि सुझन हेस्पोस या मानसशास्त्रज्ञांच्या १९९७ च्या एका अभ्यासाबद्दल वाचलं. नवजात बाळाच्या गालाला दुसऱ्याचं बोट लागलं की ते तोंड तिकडे वळवतं. स्वतःचाच हात लागला तर तसं फार कमी वेळा करतं. म्हणजे ‘मी’ आणि ‘दुसरं कुणी’ यातला फरक अगदी सुरुवातीपासून थोडाफार जाणवत असतो! स्वतःच्या गालाला हात लावला की हातालाही कळतं आणि गालालाही. तेव्हापासून मी हातमोजे काढूनच टाकले, नखं वेळच्या वेळी कापली आणि तिला मुठी मनसोक्त चोखू दिल्या.

दोन्ही हात एकमेकांना भेटावेत म्हणून तिला कुशीवर ठेवायचे, पाठीला माझ्या हाताचा आधार देऊन. उताणं असताना हात दोन बाजूंना पडतात, कुशीवर ते आपोआप छातीसमोर येतात. झोपवायचं मात्र नेहमी पाठीवरच. पालथं ठेवलेलं तिला मुळीच खपायचं नाही, मग मीच मागे रेलून तिला छातीवर पालथं घ्यायचे. माझा चेहरा बघायला ती मान उचलायची आणि हातांवर भार द्यायची. तिने तोंड फिरवलं, बोटं ताठ फाकवली किंवा जांभया सुरू झाल्या की खेळ तिथेच बंद. रडेपर्यंत ताणायचं नाही.

पाचव्या महिन्यात पायांची पाळी आली. एकाच पायात भडक रंगाचा मोजा घातला. ती बराच वेळ नुसती बघत राहिली. मग हात पुढे आला, चुकला, परत आला आणि मोजा मुठीत सापडला. ओढून काढला, तर आत पाय! पुढच्या काही दिवसांत अंगठा तोंडात जायला लागला.

आता ती डावीकडे सहज वळते, उजवीकडे अडते. म्हणून मी उजव्या बाजूला बसून हाक मारते. बाळ सतत एकच हात वापरत असेल, एक बाजू कमी हलवत असेल किंवा अंग फार ताठ वा फार सैल वाटत असेल, तर वाट न बघता दाखवायला सांगितलंय. पुढच्या तपासणीला हे वळण्याचंही विचारणार आहे.