एका ‘एल’ने घातलेल्या तीन चकरा

“साधा संपलाय, हा एल आहे. बाकी सेम टू सेम,” एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, घ्यायला गेलो तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला आणि मी शहाणा, मान डोलावून पैसे भरून आलो.

मिनी-आयटीएक्स, म्हणजे अगदी छोट्या मदरबोर्डावर छोटा पीसी जुळवत होतो. रायझन 5 7600 प्रोसेसर जास्तीत जास्त 88 वॅट ओढतो, आरटीएक्स 4060 ग्राफिक्स कार्ड 115. एसएसडी, पंखे सगळं धरूनही अडीचशेच्या आत. म्हणून 550 वॅटचा गोल्ड (म्हणजे वीज कमी वाया घालवणारा) एसएमपीएस ठरवला. मित्र 850 घे म्हणत होते, त्यांना काय जातंय!

तर तो ‘एल’. एसएफएक्स, म्हणजे छोट्या केससाठीचा एसएमपीएस, 125 मिमी रुंद, 63.5 उंच आणि 100 खोल. एसएफएक्स-एलची रुंदी-उंची तीच, खोली मात्र 130. स्क्रूची भोकंही जुळतात, त्यामुळे घरी तो झक्कास बसला. केबल लावल्या तेव्हा कळलं. मदरबोर्डाला जाणारी 24 पिनची जाडजूड केबल वळायच्या आधीच ग्राफिक्स कार्डाला टेकली. केसचं पॅनल दाबलं की कनेक्टर तिरका व्हायचा.

दुसऱ्या दिवशी परत पुण्यातली तपकीर गल्ली, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. भर पावसात, गाडी पार लांब लावून.

“सील फुटलंय सर, रिटर्न नाही होणार.”
“अहो, पण केसमध्ये बसत नाही.”
“स्क्रू लागले का?”
“लागले.”
“मग बसतोय की!”

यावर काय बोलणार? बिल काढलं, तर त्यावर नुसतं ‘एसएमपीएस 550 वॅट’. मॉडेल नंबर नाही, काही नाही. (तुम्ही मात्र काउंटरवरच लिहून घ्या.) शेठ संध्याकाळी भेटतील, असं मुलगा म्हणाला. संध्याकाळी गेलो, शेठ लग्नाला.

तिसऱ्या दिवशी अख्खी केस पिशवीत घालून नेली, काउंटरवर उघडी ठेवली आणि शेठच्याच हातात टेप दिली. त्यांनी मापलं, केबल स्वतः वाकवून पाहिली, मग मुलाकडे पाहिलं. गोडाऊनमधून साधा एसएफएक्स दहा मिनिटांत आला! संपला होता म्हणे. वर पाचशे रुपये कापलेच, ‘बॉक्स उघडलाय’ म्हणून. भांडायचं त्राण नव्हतं.

बसवणं अर्ध्या तासाचं काम. केबल आधी एसएमपीएसला लावा, मग तो आत सरकवा. उलट केलंत तर बोटं आत जात नाहीत. पंखा जाळीच्या बाजूला. आणि हो, जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसची साटा, म्हणजे ड्राइव्हला वीज देणारी केबल नव्याला लावायचा मोह मला झाला होता. खाच जुळतेही कधीकधी, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते. ड्राइव्ह जळू शकते.

पॅनल टक्कन लागलं. बायकोला उठवून दाखवलं. रात्रीचा दीड वाजला होता. ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.