भिंतीवरचा दांडगा कोळी

दोन वर्षांच्या मुलाच्या तळहाताला रंग लावायला गेलं की ते आधी मूठ आवळतं. ब्रश गार लागतो, गुदगुल्या होतात, आणि कुणीतरी आपलं मनगट धरून बसलंय हे त्याला मुळीच पसंत नसतं. अशा वेळी बोटं एकेक करून सोडवायच्या फंदात पडू नये, एक सुटेपर्यंत दुसरं मिटतं. मनगट हलकेच खाली, तळव्याच्या बाजूला वाकवायचं. बोटं आपसूक उघडतात. स्वतःच्या हातावर करून बघा, स्नायूंची रचनाच तशी आहे. ही युक्ती मला आमच्या लीड टीचरने शिकवली. तिची अर्धी हयात लहान मुलांत गेली आहे.

मी न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळच्या एका डे-केअरमध्ये असिस्टंट टीचर आहे. खोली टॉडलरांची, म्हणजे दीड ते अडीच वर्षांची मुलं. राज्याच्या नियमाने या वयाच्या सहा मुलांमागे एक मोठं माणूस लागतं, म्हणून बारा मुलं आणि आम्ही दोघी. भारतीय दुकानांनी भरलेला ओक ट्री रोड हाकेच्या अंतरावर असल्यामुळे निम्म्याहून जास्त मुलं आपल्याकडचीच. घरी तेलुगू, गुजराती, तमिळ, मराठी, आणि आमच्याकडे आल्यावर सगळ्यांची मिळून एकच भाषा: ‘नो’.

2024 साली हॅलोविन आणि दिवाळी एकाच दिवशी येऊन धडकली. 31 ऑक्टोबर, गुरुवार. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी होतं, पण इथे अमावास्या गुरुवारी सकाळीच लागत होती आणि शुक्रवारी सकाळी संपत होती. त्यामुळे पहाटे अभ्यंगस्नान, संध्याकाळी लक्ष्मीपूजन आणि मधल्या वेळात भोपळे, भुतं आणि चेटकिणी असा सगळा थाट होता. तयारीचा आठवडा म्हणजे आमच्यासाठी नुसती धांदल. बुधवारी दुपारपर्यंत भिंत सजलेली हवी, कारण गुरुवारी सकाळी वेशभूषेची परेड आणि ती बघायला सगळे पालक येणार. भिंतीवर काय लावायचं हे डिरेक्टरने आधीच ठरवलं होतं: हाताच्या ठशांचे कोळी, प्रत्येक मुलाचा एक.

हा प्रकार या देशात बालवाडीची पायरी चढलेल्या प्रत्येकाने केलेला असतो. नारिंगी जाड कागद, त्यावर काळ्या रंगात हाताचे दोन ठसे, तळवे एकमेकांवर चढलेले, बोटं दोन विरुद्ध दिशांना. अंगठे वगळले की चार आणि चार आठ पाय. बहुतेक ठिकाणी उजवा आणि डावा असे दोन्ही हात रंगवतात. आमची लीड टीचर तसं करत नाही. ती एकच हात रंगवते, ठसा घेते, कागद अर्धा फिरवते आणि तोच हात पुन्हा टेकवते. अंगठ्याला रंग नसल्यामुळे हात कुठला हे कुणाला कळतही नाही. पसारा निम्मा आणि रडारडही निम्मी.

बाकी तयारी नेहमीची. कागद टेबलाला चिकटपट्टीने पक्का करायचा, नाहीतर हात उचलताना कागदही वर येतो. मागच्या बाजूला नाव आधीच लिहायचं, कारण वाळल्यावर बारा काळे कोळी बारा भावंडांसारखे दिसतात. रंग पाण्याने धुऊन निघणारा टेंपरा, बाटलीवर एपीचा, म्हणजे रंग बिनविषारी असल्याचा, शिक्का असलेला, कारण या वयात रंगाची परीक्षा जिभेवरच होते. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला की धुताना सोपं जातं. आणि सर्वांत महत्त्वाचं, कोमट पाण्याचं टब आणि टॉवेल खुर्चीला लागून ठेवायचे. बेसिनपर्यंत चालत जाऊ दिलं की वाटेतली प्रत्येक वस्तू काळी झालीच म्हणून समजा.

दुकानात मिळणारे ते हलणारे प्लास्टिकचे डोळे मात्र आमच्या खोलीत आणायला बंदी आहे. खोलीत एक पारदर्शक नळी टांगलेली असते, सव्वा इंच व्यासाची. जी वस्तू त्या नळीत पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. डोळे तर त्यात मूठभर मावतात. म्हणून रंग वाळला की कान साफ करायच्या काडीने पांढरे ठिपके द्यायचे, झाले डोळे. त्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत पाऊस असा झालाच नव्हता, राज्याच्या नोंदीतला तो सर्वांत कोरडा महिना ठरला. रंग बघता बघता वाळत होता. लोक पाणीटंचाईच्या चिंतेत आणि आम्ही कागद लवकर वाळतात म्हणून खूश.

बुधवारी सकाळी खाऊ झाल्यावर सुरुवात केली. लीड टीचर बाकीच्यांना घेऊन ठोकळ्यांच्या कोपऱ्यात बसली आणि मी टेबलाशी एकेकाला बोलावत होते. पहिल्या मुलीने हात पुढे केला आणि ब्रश लागताच अशी खिदळली की दोघंतिघं आपणहून रांगेत आली. एकाने ठसा झाल्यावर हात उचलायलाच नकार दिला. त्याला त्या चिकट कागदावर हात सरकवत राहायचं होतं. त्याच्या कोळ्याला पाय नाहीत, शेपूट आहे.

मग बाळ्या आला. बाळ्या हे त्याचं नाव नव्हे, पण इथे तेच चालवू. सव्वादोन वर्षांचा, घरी मराठी, आईवडील दोघं नोकरीला, आजी सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेली. वाळूत न बसणारा, भाताचं शीत बोटाला चिकटलं तरी ‘पूस’ म्हणणारा मुलगा. अशी मुलं दर वर्षी एकदोन असतात. त्यांना ओलं-चिकट नुसतं आवडत नाही असं नाही, ते त्यांना सोसवतच नाही. काळा रंग बघितल्याबरोबर त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“बाळा, एकदाच. मग लगेच धुऊ, हे बघ पाणी.”

“नको.”

मी मराठीत विचारलं होतं, त्याने मराठीत सांगितलं. यात न कळण्यासारखं काही नव्हतं. मनगट वाकवायची युक्ती मला येत होती, अर्ध्या मिनिटात ठसा निघाला असता, आणि रडणं तरी किती वेळ, टबात पाणी वाजेपर्यंत. असे ठसे घेतले जाताना मी पाहिलेलं आहे. ते ओळखूही येतात, बोटं अर्धवट आणि एका बाजूला ओढलेली. घरी मात्र त्याच कागदाचं कौतुक होतं आणि तो फ्रिजवर लागतो.

इथल्या बालशिक्षणात यावर बराच खल चालतो. मुलाने काय केलं याला महत्त्व द्यायचं की शेवटी काय तयार झालं याला? ठशांचे कोळी उघडउघड दुसऱ्या गटातले. कल्पना मोठ्यांची, रचना मोठ्यांची, डोळे मोठ्यांनी काढलेले. मुलाचा फक्त हात, तोही आपण धरलेला. तरीसुद्धा मला हे ठसे आवडतात. सव्वादोन वर्षांचा हात केवढा होता हे फोटोत कळत नाही, ठशात कळतं. पण ते आवडणं माझं, त्याच्या आईचं, आजीचं. त्यासाठी त्याने हात का द्यावा?

मी ब्रश खाली ठेवला आणि पुढच्या मुलीला हाक मारली. बाळ्या गेला नाही. टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बघत राहिला. मुलीचा ठसा झाला, ती हात धुऊन गेली, तरी तो तिथेच. मग त्याने स्पंजच्या ब्रशचा दांडा धरला. दांडा कोरडा असतो. रंगात बुडवला. आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “तुझा हात.”

मी हात पालथा ठेवला.

“उलटा.”

तळवा वर केला. त्याने रंगवायला घेतलं, आणि इतक्या मन लावून की जीभ बाहेर आली. आधी मधोमध एक गोळा. मग तो बोटांवर ओढला. करंगळी राहिली होती, ती बघितली, परत रंग घेतला आणि करंगळी. अंगठी काढायला मला वेळ मिळाला नव्हता, तिच्याभोवती त्याने गोल फिरवून घेतलं. अंगठाही रंगवायचा होता, मी म्हटलं अंगठा नको, तर म्हणाला “हवा”. बरं, हवा. मी कागदावर हात ठेवला, त्याने वरून आपल्या दोन्ही कोरड्या तळव्यांनी दाबला. कागद फिरवला, पुन्हा दाबला. हात उचलला तेव्हा कागदाबाहेर टेबलावर बोटांची टोकं उमटलेली, इतका तो कागदाला मोठा झाला होता. दहा पायांचा कोळी, दोन पायांवर अंगठीचा पट्टा.

“मोठा!” बाळ्या म्हणाला. आणि पहिल्यांदाच स्वतःहून टबात हात घातला, स्वच्छ असलेला.

पुढे काय होणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं असं नाही, पण झालं ते असं: ज्यांचे ठसे झाले होते तेही परत आले. आता सगळ्यांना माझा हात रंगवायचा होता. लीड टीचर कोपऱ्यातून हसत बघत होती, सोडवायला मात्र आली नाही. जेवणाच्या वेळेपर्यंत माझ्या कोपरापर्यंत काळं झालं होतं.

दुपारी मुलं झोपल्यावर आम्ही भिंत लावली. अकरा छोटे कोळी, पांढऱ्या लोकरीचं जाळं आणि मधोमध तो दांडगा. डिरेक्टर बघायला आली, म्हणाली, हे काय? मी सांगितलं. तिचा मुद्दा चुकीचा नव्हता. पालक उद्या येऊन आपल्या मुलाचा हात शोधतील आणि एकाला टीचरचा हात सापडेल, त्यांना काय सांगायचं? लीड टीचरने उत्तर दिलं: बाकीच्या अकरा कागदांवर मुलांचे हात आहेत, पण मुलाने स्वतः केलेलं चित्र हे एकच आहे. डिरेक्टर जरा थांबली आणि खाली एक चिठ्ठी लावायला सांगून गेली. चिठ्ठीवर आम्ही लिहिलं की रंगकाम अमुकचं, हात मिसचा.

गुरुवारी ऑक्टोबर संपत आलेला आणि ऊन मात्र मे महिन्यातलं. पार्किंगमध्ये परेड झाली, भोपळ्याच्या फुगीर पोशाखातली बाळं घामाघूम. मुखवट्यांना बंदी, गोळ्या-चॉकलेटांनाही बंदी, कारण कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असते, कुणाला दुधाची. त्यामुळे पिशवीत स्टिकर आणि जाड खडू. काही घरांपुढे मोरपंखी रंगाचा भोपळा दिसतो ना, त्याचा अर्थही तोच, इथे खाण्याशिवाय दुसरं काहीतरी मिळेल.

बाळ्याची आजी त्याला घेऊन भिंतीपाशी आली. नऊवारी नव्हे, पण दिवाळीची म्हणून काठापदराची साडी. तिने आधी भिंतीवर एक नजर टाकली आणि मला म्हणाली, “बाई, ऐन दिवाळीत ही कोळिष्टकं? आम्ही आठवडाभर घरातली झाडत होतो.”

शेजारी एक बंगाली आई उभी होती. ती हिंदीत म्हणाली, आजी, आमच्याकडे कालीपूजेच्या आदल्या रात्री भूतचतुर्दशी असते. चौदा दिवे लावायचे, चौदा पालेभाज्या खायच्या, पूर्वज घरी येतात. आजींना चौदा भाज्यांत फार रस वाटला. कुठल्या कुठल्या, इथे मिळतात का, यावर दोघींचं बराच वेळ चाललं. मीही मध्ये घुसवून दिलं की हे लोक भोपळे कोरतात ना, तेही मूळचं इथलं नाही. आयर्लंडमध्ये सलगम कोरायचे, तिथली माणसं इकडे आली आणि त्यांना भोपळा सापडला. आजी म्हणाल्या, “सलगमपेक्षा भोपळा बरा, निदान भाजी तरी होते.”

मग त्यांनी चिठ्ठी वाचली. चष्मा वर करून तो मोठा ठसा जवळून बघितला, अंगठीच्या पट्ट्यावर बोट ठेवलं, आणि बाळ्याला विचारलं, “हे तू केलंस? बाईंचा हात काळा केलास?” बाळ्याने मान डोलावली. आजी माझ्या हाताकडे बघत होत्या. पहाटे उटणं लावून, लिंबू चोळूनही नखांच्या कडांना रंग तसाच होता. “संध्याकाळी लक्ष्मीपूजनाला काय करणार?” म्हणाल्या. मी म्हटलं, लक्ष्मीला सांगेन, कामावरून आलेय.

भिंत सोमवारी उतरवली. अकरा कागद पालकांच्या पाकिटांत बसले, बारावा घडी घातल्याशिवाय बसेना. बाळ्याची आई म्हणाली, घडी नको, सुरळी करून द्या.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगसाठी ठशांची टर्की असते. अंगठा म्हणजे डोकं आणि चार बोटं म्हणजे पिसं, प्रत्येक बोटाला वेगळा रंग. मी टेबलावर दोन गोष्टी मांडल्या: रंगांची ताटली, आणि ज्याला रंग नको त्याच्यासाठी हाताभोवती रेघ मारायला खडू. बाळ्याने खडू बाजूला सारला, ब्रश उचलला, अंगठीकडे बोट दाखवून म्हणाला, “काढ.” टर्कीही माझ्याच हाताची झाली.