गावात काम आहे, राहायला घर नाही

अमेरिकेत घरं महाग हे काही नवीन राहिलं नाही, पण आपल्याकडं लोकांना वाटतं की ते न्यूयॉर्क-कॅलिफोर्नियाचं दुखणं आहे. मी राहतो ते मॅसॅच्युसेट्समधलं छोटं गाव आहे, बोस्टनपासून तासाभरावर, लोकसंख्येनं आपल्याकडच्या तालुक्याच्या गावापेक्षाही लहान, आणि इथंसुद्धा शाळेच्या बसची ड्रायव्हर, वृद्धाश्रमातल्या नर्सबाई, हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढणारे लोक, हे सगळे लांबून कुठून कुठून येतात, कारण ज्या गावात काम करतात तिथं भाड्यानं सुद्धा राहणं जमत नाही.

कारण साधं आहे. इथल्या बऱ्याच गावांत झोनिंगचा, म्हणजे कुठल्या जागेवर काय आणि किती बांधायचं ह्याचा, नियम असा की ठराविक भागात एका घराला कमीत कमी एक एकर जागा पाहिजे. एक एकर म्हणजे ४० गुंठे! आपल्याकडं तेवढ्यात आख्खी कॉलनी उभी राहते. मग एवढ्या महागाच्या जमिनीवर बिल्डर लहान घर कशाला बांधेल, तो मोठा बंगलाच बांधणार.

ह्यावर राज्यानं १९६९ लाच कायदा केलाय, सगळे त्याला नुसतं फोर्टी बी म्हणतात. गावातली निदान १० टक्के घरं राज्याच्या परवडणाऱ्या घरांच्या यादीत बसली पाहिजेत, नाही बसली तर एखादा बिल्डर २०-२५ टक्के घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी ठेवतो म्हणून गावाचं झोनिंग बाजूला ठेवून परवानगी मागू शकतो, आणि गावानं नाही म्हटलं तर त्याला राज्याकडं अपील करता येतं. त्यामुळं शहाणी गावं आधीच पाच वर्षांचा आराखडा करून राज्याकडून मंजूर करून घेतात आणि त्याप्रमाणं घरं वाढवत राहतात, की घरं कुठं होतील ते आम्ही ठरवू, बिल्डर नाही. मला ह्यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त पटली.

आमच्या गावानं स्वतःच्या मालकीची एक पडून असलेली जागा त्यासाठी काढली, जमीन गावाचीच राहणार, एका ना-नफा संस्थेला नाममात्र भाड्यानं लांब मुदतीवर द्यायची आणि तिनं तिथं भाड्याची घरं बांधायची. थोडा पैसा गावाच्या फंडातला. इथं २००० सालचा एक कायदा आहे, गावानं मत देऊन स्वीकारला तर प्रॉपर्टी टॅक्सवर ३ टक्क्यांपर्यंत सरचार्ज लावता येतो, त्यातूनच हा फंड होतो आणि त्यातला निदान १० टक्के घरांसाठी ठेवावाच लागतो.

ह्याचा निर्णय झाला टाऊन मीटिंगमध्ये. आपली ग्रामसभाच म्हणा, पण इथं बजेट, कायदे सगळं तिथंच मताला टाकतात. शाळेच्या जिममध्ये खुर्च्या मांडलेल्या, मतदारांच्या हातात रंगीत कार्डं, आणि माझ्यासारखे नागरिक नसलेले बाजूच्या वेगळ्या रांगेत, बघायची परवानगी पण मत नाही. विरोध जोरात होता. ट्रॅफिक वाढेल, शाळेत गर्दी होईल, विहिरीचं पाणी पुरेल का, सेप्टिक टँकचं काय. पाण्याचा प्रश्न खोटा नव्हता, लातूरला २०१६ ला रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेल्या माणसाला तो लगेच कळतो. पण मग ती बस ड्रायव्हर माईकवर आली आणि तिनं एवढंच विचारलं की तुमच्या लेकरांना मी रोज घरापर्यंत सोडते, मी स्वतः कुठं राहू ते सांगा. शेवटी कार्डं वर झाली आणि ठराव पास झाला.

आता आपल्याकडचं. लातूर जिल्ह्यातलं आमचं गाव, तिथं आमच्या आईकडं धुणंभांडी करणाऱ्या मावशी गावाच्या कडंला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहतात. लाईटचं मीटर आहे, आधार, रेशनकार्ड सगळं त्याच पत्त्यावर, पण जागा नावावर नाही. शहरी पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो, पण स्वतःची जागा पाहिजे ना! ज्याच्याकडं जागेचा कागद आहे त्याला पैसे, आणि ज्याला खरी गरज आहे तो परत पत्र्याखाली. मावशींचा अर्ज तिथंच अडकला. दुसरीकडं शेताचे गुंठे पाडून, एनए (बिगरशेती) न करता, नोटरीवर विकलेले प्लॉट, रस्ता नाही, नाली नाही, लोकांनी आयुष्यभराची कमाई त्यात घातलेली. २००१ ला गुंठेवारीचा कायदा आला, २०२१ ला त्याची मुदत २०२० पर्यंतच्या प्लॉटांपर्यंत वाढवली, म्हणजे आधी वस्ती होऊ द्यायची आणि मग पैसे भरून नियमित करायची.

आपल्याला नियोजन जमत नाही हे मात्र मी ऐकून घेणार नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली, जमीन घेतली, रस्ते आखले, घरं दिली. त्यात चुका होत्या, ज्याची शेती जास्त त्याला मोठं घर आणि भूमिहीनाला २५० चौरस फुटाचं, हे मला आजही खटकतं, पण जागा आधी ठरवली आणि घर नंतर बांधलं हा क्रम बरोबर होता. तो क्रम संकट आल्यावरच का आठवावा?

गावाकडच्या मित्रांना म्हणूनच सांगतोय. नगरपरिषदेचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना मागवतात, आणि बहुतेक जण नकाशात आपल्या प्लॉटवरून रस्ता गेला का एवढंच बघून येतात. ह्यावेळी गरिबांच्या घरांसाठी किती जागा आरक्षित आहे, ती कोणत्या सर्व्हे नंबरात आहे, सरकारी आहे की खाजगी, तिथं पाण्याची लाईन कधी जाणार, हे लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या. नुसतं आरक्षण टाकून भागत नाही, खाजगी जमीन मुदतीत ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊन आरक्षण रद्द करून घेऊ शकतो. अर्जाचा मसुदा पाहिजे असेल तर मी मराठीत करून देतो, सह्या मात्र तिथल्या लोकांच्या लागतील.